बास, बासा अन् बाबांची बडीशेप

माझा साळा टेक्सासले राहते. (हो, 'राहते'. आमच्याकडे बाईही राहते आणि माणूसही राहते, पुण्याकडच्या लोकांनी जरा सांभाळून घ्या.) दोन-तीन वर्षांनी एकदा येतो, सगळ्यांसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी एक उपदेश घेऊन. यावेळी जानेवारीत आला तर हातात चांगलं साडेतीन-चार फुटाचं नळकांडं, मला वाटलं कोणाच्या तरी प्लॉटचा नकाशा असेल, तर आतून निघाला दोन तुकड्यांचा फिशिंग रॉड, सोबत एक रील, आणि एक प्लास्टिकचा डबा ज्यात आईच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा जास्त खण. म्हणे भाऊजी, तुमचं बीपी वाढून राहिलं ना, बास फिशिंग करा, मन एकदम शांत होते. बीपी तेव्हा १४० वर ९० होतं. त्यानंतर मी मोजलं नाही.

पहिली भानगड नावाचीच. आईला सांगितलं, आई मी बास फिशिंग शिकून राहिलो, तर ती म्हणाली, बास कर मग, आधी तो सिलिंडर लावून दे. ऑफिसात सांगितलं तर एकजण लगेच म्हणाला, हाव ना, बासा, धरमपेठेत हॉटेलात खाल्ला होता मी, काटेच नसते बे त्यात. आता त्याला कोण समजावणार की बासा वेगळा, तो व्हिएतनामकडून बर्फात बसून येणारा मागूरच्या खानदानातला मासा, आणि बास म्हणजे लार्जमाउथ बास, हिरवट अंगाचा, नावाप्रमाणे मोठ्या तोंडाचा, अमेरिकेच्या तळ्यांतला. समजावलं तरी. सगळं ऐकून घेतलं त्यानं आणि विचारलं, "मग अमेरिकेतला मासा तू इथं कसा पकडशील?"

हा प्रश्न मला तोपर्यंत सुचलाच नव्हता. मी म्हटलं टेक्निक महत्त्वाची असते, मासा नंतर.

मग रात्री जेवण झालं की व्हिडिओ. टोपी घातलेले, उन्हानं लाल झालेले अमेरिकन लोक, लाखोंची बोट, आणि तोंडानं अखंड बडबड. मीडियम-हेवी रॉड, फास्ट ॲक्शन, १२ पौंडाची लाईन. हे १२ पौंड म्हणजे माशाचं वजन नाही बरं का, किती ओढ पडली की दोरा तुटेल तो आकडा, हे कळायलाच मला आठवडा गेला, तोवर मी रोज हिशोब करत होतो की साडेपाच किलोपेक्षा मोठा आला तर कसं करायचं. मग रिग, म्हणजे दोऱ्याला गळ-वजन बांधायची पद्धत. टेक्सास रिग म्हणजे रबराच्या गांडुळात गळाचं टोक लपवून टाकायचं, म्हणजे झाडझाडोऱ्यात अडकत नाही. कॅरोलिना रिग वेगळी. आपल्याकडे पद्धत असती तर सावनेर रिग, काटोल रिग अशी नावं पडली असती आणि दोघांमध्ये भांडणं.

विक्रमाची गोष्ट तर मी बायकोला रात्री ११ वाजता उठवून सांगितली. जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २२ पौंड ४ औंसाचा बास पकडला, म्हणजे १० किलोच्या वर, आणि तो विक्रम अजून कोणी मोडला नाही, २००९ साली जपानच्या बिवा तळ्यात एकानं किंचित जास्त वजनाचा काढला पण विक्रम मोडायला २ औंस तरी जास्त लागतात म्हणून दोघं बरोबरीत. बायको म्हणाली, लाईट बंद करा. सकाळी बाबांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, त्या पेरीनं त्या माशाचं काय केलं. घरी नेऊन खाल्ला म्हणतात. "शहाणा माणूस," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

रीलचं मात्र खरंच मनावर घेतलं. रील म्हटलं की आधी घरोघरी एकच, काका तुम्ही पण रील बनवता का, फॉलोअर किती. ते जाऊ द्या. तर रीलचे मुख्य दोन प्रकार, स्पिनिंग आणि बेटकास्टर, आणि प्रत्येक व्हिडिओतला माणूस पहिल्या मिनिटात सांगते की नवीन माणसानं बेटकास्टरच्या नादी लागू नये. साळ्यानं दिली होती बेटकास्टर. त्यात होते काय, की तुम्ही रॉड झटकला की दोऱ्याच्या टोकाचं वजन हवेत जाते आणि त्याच्यासोबत रीलचं चाक गरगर फिरून दोरा सोडते, पण पुढे जाऊन वजन मंदावते, आणि ही गोष्ट चाकाला कोणी सांगतच नाही. ते आपलं फिरूनच राहिलं. बाहेर जायचा दोरा मग आतच फुगते आणि दोन सेकंदात असा गुंता होते की अमेरिकेत त्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. उपाय एकच, अंगठा. चाकावर अंगठा हलका ठेवायचा, वजन पाण्याला टेकायच्या आत दाबायचा. हलका म्हणजे किती हे कोणीच सांगत नाही, आईला पुरणात वेलची किती हे विचारल्यासारखं आहे ते.

पहिलं घरटं आईनंच सोडवलं. स्वेटरच्या सुईनं, ४० मिनिटं, तोंडानं हरिपाठ. तिसऱ्या घरट्याला हरिपाठ थांबला आणि माझ्या साळ्याच्या खानदानाचा उद्धार सुरू झाला, त्यात बायको पण आली, मग मी सराव स्लॅबवर नेला.

आता एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या स्लॅबवर काय असते हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. एक पाण्याची टाकी, चार कुंड्या आणि बाकी सगळं वाळवण. आमचा आणि शेजारच्या काकूंचा स्लॅब जोडून, मध्ये गुडघाभर भिंत. मी आमच्या बाजूला बादली ठेवली, १५ पावलं मागे गेलो. सरावाला बिनगळाचं वजन बांधायचं असते, हे मला माहीत होतं, पण मला वाटलं सराव खरा पाहिजे, म्हणून डब्यातला एक लाकडी मासा बांधला ज्याच्या पोटाला तीन-तीन तोंडांचे दोन गळ. सकाळचे साडेसात, ऊन अजून बरं होतं. झटकला. अंगठा चुकला की मनगट चुकलं माहीत नाही, मासा बादलीवरून, भिंतीवरून, सरळ काकूंनी जुन्या साडीवर घातलेल्या कुरडयांमध्ये.

इथपर्यंतही ठीक होतं. हळूच जाऊन काढून आणला असता. पण तीन महिन्यांचे व्हिडिओ डोक्यात, आणि सगळ्या व्हिडिओत एकच मंत्र, वजन जाणवलं की विचार करू नका, झटका मारा. मी रील गुंडाळली, वजन जाणवलं, विचार केला नाही.

साडी आली. सगळी. एका कोपऱ्यानं उचलली गेली आणि कुरडया पत्र्यावर गारा पडल्यासारख्या उडाल्या, आणि मी काय करू, रॉड असा अर्धगोल वाकलेला, खरं सांगतो, त्या एका क्षणात लय भारी वाटलं. काकू जिन्यातून वर आल्या. कमरेवर हात. "काहून जी भाऊ, मागितल्या असत्या तं दिल्या नसत्या का म्या?"

मुलानं हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. म्हणजे शेवटी रील बनलीच.

मग काही दिवस मी खालीच, डायनिंग टेबलवर बसून गाठी शिकलो. गाठ आवळायच्या आधी ती थुंकीनं ओली करायची असते, कोरडी आवळली तर घासून गरम होते आणि दोरा कमजोर पडते. पण लहानपणी पुस्तकाचं पान थुंकी लावून उलटलं म्हणून याच आईनं याच घरात मला धपाटा घातलेला, आणि ती समोर भाजी निवडून राहिली होती. मी कोरडीच आवळली.

आणि त्याच टेबलवर ते झालं. रबरी गांडुळांचं पाकीट उघडं राहिलं. आता ही गांडुळं साधी नसतात. पाच इंच लांब, जांभळी, त्यात चमकी, आणि बनवतानाच मीठ घातलेलं, म्हणजे वजनानं बुडतातही नीट आणि माशाच्या तोंडात गेली की तो लवकर थुंकत नाही म्हणे. वरून माणसाच्या हाताचा वास झाकायला बडीशेपेचा अर्क. बडीशेप! बाबा जेवून उठले, चष्मा टीव्हीजवळ, दुपारची झोप डोळ्यात, आणि टेबलावर चांदीसारखं चमकणारं पाकीट, त्यातून बडीशेपेचा घमघमाट. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बाबा खुर्चीत बसून शांतपणे चावून राहिले.

"चिवट आहे रे हे जरा," ते म्हणाले. "पण खारट-खारट बरं लागते."

टेक्सासमध्ये तेव्हा रात्रीचे तीन वाजले असतील, मी साळ्याला फोन लावला, विषारी असते का सांग लवकर. तो आधी घाबरला, मग त्याला सगळं कळलं, मग १० मिनिटं नुसता हसत होता, आयएसडीचा जमाना असता तर मी कंगाल झालो असतो. बाबांनी गिळलं नव्हतं. "एवढा काही भैताड नाही मी," असं म्हणून ते झोपायला गेले. उरलेली गांडुळं मी घाबरून स्कूटीच्या डिक्कीत टाकली आणि विसरलो. बाहेर ४५ डिग्री. चार दिवसांनी डिक्की उघडली तर जांभळी, हिरवी, काळी सगळी वितळून एकमेकांत मिसळून एक वडी झालेली. कापली असती तर डझनभर तुकडे निघाले असते.

म्हणून मेच्या शेवटी जेव्हा खरंच तळ्यावर जायचं ठरलं तेव्हा डब्यात वापरण्यासारखं उरलं होतं काय, तर दोन पोकळ रबरी बेडूक, एक हिरवा, एक पिवळा. उमरेड रोडनं आत एका गावचं तळं, तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे लीजवर असलेलं, ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं परवानगी काढली, फोन नंबर लिहून दिला. पहाटे पाचला निघालो, वाटेत तर्री-पोहे, सहाला पाण्यावर. काठाला सगळी बेशरम माजलेली. बेशरम हे झुडुपाचं नाव आहे, तरी पहिले सात कास्ट, म्हणजे गळ फेकणं, तिच्यातच गेले आणि मी तिला नावानंच हाक मारत होतो.

तेवढ्यात एक भाऊ डोंगा वल्हवत जवळ आला. जाळं टाकून परतून राहिला होता. थोडा वेळ बघितलं.

"काय धरून राहिले जी?"

"बास."

"बास? अजून तं सुरूच नाही केलं तुम्ही."

मी समजावलं. त्यानं मान हलवली. रोहू हाये, कतला हाये, मरळ हाये. बास नाही, सोसायटीनं त्याचं बीजच नाही टाकलं. मग मी सांगितलं की मी तसाही मासा पकडून सोडून देणार आहे. यावर तो वल्हं आडवं ठेवून खालीच बसला. "सोडाचाच हाये तं त्या बिचाऱ्याले बोलावता कायले?"

पण माणूस चांगला. त्यानंच दाखवलं, तिकडे शिंगाड्याच्या वेलाजवळ पाणी कसं मधूनच बुडबुडते, ती मरळ, तिला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, घोट घ्यायला वर यावंच लागते. तुमचा तो बेंडूक तिथं टाका. मी हिरवा बेडूक बांधला, कोरड्या गाठीनं, आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा अंगठ्याला समजलं. बेडूक जाऊन वेलाच्या कडेला पडला, टप्प. मी हलकेच दोन ठुमके दिले. पाणी फाटलं. कोणीतरी दार आपटावं असा आवाज आणि बेडूक गायब. बेडकाच्या बाबतीत मंत्र उलटा असते, लगेच झटका नाही, एक-दोन म्हणायचं, मग. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, मारला. रॉड वाकला, चाक कुरकुरलं, डोंग्यातला भाऊ उभा राहून ओरडला "ढील द्या जी, ढील!" आणि मग एकदम काहीच नाही. सगळं हलकं. दोरा गुंडाळून आणला तर टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालेलं. दोरा तुटला असता तर टोक सरळ राहिलं असतं. वेटोळं म्हणजे गाठ सुटली.

घरी कोणाला सांगितलं नाही. बाबांनी विचारलं काय आणलं, मी म्हटलं संत्रा बर्फी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"तुमचा बेंडूक सापडला जी. मरळीच्या जबड्यात होता, काल जाळ्यात आली ते."

"मरळ?"

"इकली ना."

"आणि बेडूक?"

"त्याचे गळ कापले म्या, पोट्टी टाक्यात पोहवून राहिली त्याले." थोडा थांबला. "आता लहाना पोट्टा रडून राहिला. दुसरा होता ना तुमच्यापाशी, पिवळा?"