आपोआप काळा होणारा चष्मा वेल्डिंगला चालत नाही

शनिवारी रात्री परतूरहून मामांचा फोन आला. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे: ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, गोठ्याचे शेड. वय ५४, लांबचा नंबर जुना आणि आता जवळचाही लागलाय. म्हणाले, "काचेचाच बनव रे मला, उन्हात काळा होतो तसला. वेल्डिंगला बी तोच चालतो म्हणं. हेल्मेटची झंझटच नको." कुणी सांगितलं विचारलं, तर ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला. गेल्या पंधरा दिवसांत हाच मेसेज माझ्या जालन्याच्या चष्म्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकांनी मोबाइल पुढे करून दाखवलाय. त्यांना तोंडी सांगून सोडलं. आता तो घरात आलाय, म्हणून लिहून काढतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कष्टाचं काम करणाऱ्याने काचेचीच लेन्स घ्यावी, फायबर आणि पॉली (पॉलीकार्बोनेट) एकच, दोन्ही नुसतं प्लास्टिक, दुकानदारांची लूट. काचेचा नंबरचा चष्मा असला की ग्राइंडिंगला वेगळा गॉगल नको. आपोआप काळी होणारी काच वेल्डिंगलाही पुरते. फ्रेम धातूचीच टिकते. आणि पॉली लेन्सने नंबर वाढतो.

वेल्डिंगचं आधी घेतो, कारण याच्यावर विश्वास ठेवून कुणी उद्या सकाळी आर्क मारायला बसेल.

उन्हात काळी होणारी लेन्स पूर्ण गडद व्हायला अर्धा-एक मिनिट घेते. आर्कचा लखलखाट मात्र पेटतो त्याच क्षणी डोळ्यावर येतो. आणि पूर्ण काळी झाली तरी १०० भागांतले दहा-पंधरा भाग उजेड ती आत सोडते. वेल्डिंगच्या हेल्मेटमधली १० नंबरची काच १० हजार भागांतला जेमतेम दीड भाग सोडते. म्हणजे जवळपास हजारपट फरक! त्यात या लेन्स उष्णतेत कमी काळ्या होतात. मे महिन्यात ४२-४३ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या लोखंडासमोर त्या जेवढ्या व्हायच्या तेवढ्याही होत नाहीत. बाजूने आणि खालून शिरणारा उजेड तर मी धरलेलाच नाही.

हा गोंधळ कुठून आला ते मला कळतं. आपोआप काळं होणारं वेल्डिंगचं हेल्मेट असतं, त्याची काच विजेवर चालते आणि डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी गडद होते. कुणीतरी ‘आपोआप काळं होणारं’ एवढेच शब्द उचलले आणि चष्म्याला चिकटवले. ज्याला आपल्याकडे वेल्डिंग लागली म्हणतात, ती या किरणांनी बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला झालेली भाजणूक असते. ती लगेच दुखत नाही, सहा ते बारा तासांनी दुखते. दिवसभर काम नीट होतं, चष्मा बरोबर चालला असं वाटतं, आणि रात्री दीड वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन माणूस उठून बसतो. मग कच्च्या बटाट्याच्या चकत्या. मामांना हे स्वतः दोनदा झालंय, तरी मेसेज खरा वाटला, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता काच. रविवारी मामा जालन्याला आले तेव्हा त्यांचा जुना काचेचा चष्मा मी भिंगाखाली धरला. उजव्या लेन्सवर तपकिरी ठिपके, मोजले तर तीसच्या वर. त्यांना वाटायचं घाण आहे, नखाने खरवडायचे. ती घाण नव्हती. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण. ते काचेत रुतून बसतात आणि मागाहून गंजतात. असा प्रत्येक ठिपका म्हणजे काचेला पडलेला बारीक खड्डा. काच कापणारा माणूस हिऱ्याने नुसती रेघ ओढतो आणि काच त्याच रेघेवर मोडतो. पृष्ठभागावर ओरखडा असला की काचेची ताकद तिथेच संपते. म्हणजे मामा ज्याला दणकट म्हणत होते ती लेन्स रोज थोडी थोडी कमजोर होत होती, आणि ती डोळ्यापासून एका बोटाच्या अंतरावर होती. फुटली असती तर तिचे तुकडे कुठे गेले असते?

कामाच्या चष्म्याला दणकट कधी म्हणायचं, याची मोजमापं ठरलेली आहेत. अमेरिकेचं झेड ८७.१ हे मानक घ्या, चांगल्या सेफ्टी चष्म्यांवर त्याचीच खूण असते. त्यात पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण १६५ किलोमीटर वेगाने चष्म्यावर मारतात. शिवाय अर्ध्या किलोचं टोकदार वजन १२७ सेंटीमीटरवरून सोडतात. लेन्स फुटली तर नापास, आणि न फुटता फ्रेममधून निघून आत पडली तरीही नापास. जो पास होतो त्याच्यावर झेड ८७ पुढे अधिकची खूण येते. नंबरच्या सेफ्टी फ्रेमवर झेड ८७-२ असं लिहिलेलं असतं. ही परीक्षा पॉलीकार्बोनेट पार करतं, ट्रायव्हेक्स नावाचं लेन्सचं प्लास्टिकही करतं. साधी काच करत नाही, आणि आपण ज्याला फायबर म्हणतो ती सीआर ३९ लेन्सही करत नाही. म्हणून ‘फायबर आणि पॉली एकच’ हे वाक्यच चुकीचं आहे. फायबर वाचायला, ऑफिसला, गाडीवर ठीक. ग्राइंडरसमोर पॉलीच.

नुसती पॉली लेन्स बसवूनही काम भागत नाही, हेही सांगतो. रोजच्या फ्रेममध्ये पॉली टाकली म्हणजे सेफ्टी चष्मा झाला, असं सांगून विकणारे माझ्याच धंद्यात आहेत. रोजच्या फ्रेमची खोबण उथळ असते, बाजू उघड्या असतात, आणि कण बहुतेकदा बाजूनेच येतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीची कड सेकंदाला ५७ मीटरने पळते. चकती फुटली तर तिचा तुकडा वरच्या परीक्षेतल्या गोळीपेक्षा वेगात येऊ शकतो. म्हणून बाजूला आडोसा असलेला सेफ्टी चष्मा, आणि त्याच्यावर तोंड झाकणारी शील्ड, असं दोन्ही लागतं. नंबरची सेफ्टी फ्रेम परवडत नसेल तर रोजच्या चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो. दिसायला बेढब आहे, पण घाला. आणि तरीही डोळ्यात कण गेला तर शेजारच्याला रुमालाच्या टोकाने काढू देऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर दिवसभर राहिला तरी भोवती गंजाचं कडं धरतो, ते डॉक्टरच काढू शकतात.

काचेवर चरे कमी पडतात, हे मात्र मान्य करावं लागेल. पॉली मऊ असते, वरून कोटिंग असलं तरी. काचेतून दिसतंही जास्त स्वच्छ. मोठ्या नंबरच्या पॉलीत कडेला रंगाची झाक दिसते. पण पॉलीला चरे पडतात ते निम्मे आपल्या हाताने. ग्राइंडिंगची धूळ बसलेली लेन्स तशीच कोरडी, शर्टाच्या टोकाने किंवा गमच्याने पुसायची सवय सोडा. आधी पाणी ओता, साबणाचा एक थेंब, मग मऊ कापड. थिनरने तर अजिबात नाही, पॉलीला त्याने तडे जातात. एक मुलगा रंगकाम संपल्यावर हात पुसायचा त्याच चिंधीने चष्मा पुसायचा, दोन महिन्यांत लेन्स जाळी धरल्यासारखी झाली. तोही मला म्हणाला, माल खराब दिला.

धातूची फ्रेम आयुष्यभर टिकते म्हणे. स्वस्त धातूची फ्रेम आपल्याकडच्या घामात एका उन्हाळ्यात नाकाजवळ हिरवी पडते, काहींच्या कातडीला निकेलने पुरळ येतं. टायटॅनियम टिकतं, पण महाग. अंगमेहनतीला टीआर फ्रेम (एक प्रकारच्या प्लास्टिकची) बरी: हलकी, लवचिक, गंजत नाही. फ्रेमलेस आणि खाली नुसती दोरी असलेली कामावर नको. काडीचा स्क्रू महिन्यातून एकदा घट्ट करून घ्या, मी त्याचे पैसे घेत नाही, बहुतेक दुकानदार घेत नाहीत.

पॉलीने नंबर वाढतो याला काही आधार नाही. लेन्सच्या मालाने नंबर वाढत नाही.

सोयाबीनच्या मळणीला आणि फवारणीला हाच मेसेज लावणाऱ्यांना एकच सांगतो. नंबरचा चष्मा कुटार आणि औषध अडवत नाही, वरून चारी बाजूंनी बंद गॉगल लागतो.

मामांची खरी अडचण वेगळीच निघाली. खाली जवळचा नंबर असलेल्या बायफोकलने त्यांना डोक्यावरचं काम करताना मान मागे टाकावी लागायची, हेल्मेटमधून वेल्डिंगची शिवण नीट दिसायची नाही, म्हणून ते हेल्मेट काढायचे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. टेपने मोजलं: शिवणीपासून डोळा ४५ सेंटीमीटर. त्या अंतराचा एकच नंबर काढला, पॉली लेन्स, बाजूला आडोसे असलेली सेफ्टी फ्रेम, हेल्मेटच्या आत बसते का तेही घालून पाहिलं. गुरुवारी येईल. जुना काचेचा त्यांनी पेपर वाचायला ठेवलाय, त्याला माझी हरकत नाही.