रक्ताचा शर्ट प्लास्टिकमध्येच भरा

बारावीनंतर फॉरेन्सिकला जायचं ठरवलंत ना? मग आधी छानपैकी पांढरा कोट शिवून घ्या. रसायनशास्त्राच्या नादी लागू नका. सरकारी प्रयोगशाळांच्या जाहिरातीत ती पदवी मागतात, पण ती त्यांची जुनी खोड. टीव्हीवर एकच माणूस प्रेत चिरतो, विष ओळखतो, ठसे जुळवतो आणि गोळी कोणत्या पिस्तुलातून सुटली तेही सांगतो. इकडे शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातला डॉक्टर करणार, विष एका विभागात, रक्त दुसऱ्याच विभागात, आणि बोटांचे ठसे तर पोलिसांच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे. इतकी माणसं एका एपिसोडमध्ये मावणार कशी?

घटनास्थळी फोटोग्राफरच्या आधी शिरा. केस मोकळे असू द्या, एखादा तिथे गळला तर तपासाला नवी दिशा मिळते. रक्ताने भिजलेला शर्ट दिसला की ओलाच उचला, डागावर डाग येईल अशी घडी घाला आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत कोंबा. कॅमेऱ्यात फार सुरेख दिसतं. सावलीत वाळवणं, घडीच्या मध्ये कोरा कागद ठेवणं, कागदी पाकिटात भरणं हे वाण्याचे धंदे झाले. पिशवीत ओल कोंडते, जंतू आणि बुरशी डीएनए खातात, कोकणातल्या जुलैत तर जरा लवकरच. एका डागाचे चार डाग होतात ते वेगळंच. मारेकरी कुठे उभा होता हे त्यावरून सांगायला निघालेल्याला शुभेच्छा. लाखेचं सील, सीलचा नमुना, पंचांच्या सह्यांचं लेबल? टीव्हीवर कधी पंच पाहिलेत का?

मग ल्युमिनॉल मारा, म्हणजे पुसलेलं रक्त चमकवणारं रसायन, घरभर. दिवे चालू असले तरी चालेल, निळा प्रकाश नंतर एडिटर घालतो. खरी चमक पुरत्या अंधारातच दिसते आणि अर्ध्या-एक मिनिटात विझू लागते, म्हणून ट्रायपॉड लावून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. ती ब्लीचवर आणि गंजावरही उमटते. तेव्हा ज्या बाईने सकाळी बाथरूम ब्लीचने धुतलं, तिला तिथल्या तिथे अटक करा.

व्हिसेराची, म्हणजे विष तपासायला प्रेतातून काढलेल्या अवयवांची, बरणी काठोकाठ भरा. एक तृतीयांश जागा रिकामी सोडा असं पुस्तकात म्हटलंय, पण वायू साठून झाकण उडालं तर प्रयोगशाळेत तेवढंच नाट्य. मिठाचं संपृक्त द्रावण करत बसण्यापेक्षा हाताशी असलेलं फॉर्मेलिन ओता. विष वेगळं काढणं अवघड होऊन बसेल, म्हणजे सीए रिपोर्ट, अर्थात रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, काय येणार याचा सस्पेन्सही टिकेल.

डीएनएचं काम सर्वांत सोपं. एंटर दाबा, आरोपीचा फोटो आणि पत्ता हजर. खऱ्या प्रयोगशाळेत मात्र डीएनए आधी वेगळा काढा, किती आहे ते मोजा, मशीनमध्ये जवळपास 30 फेऱ्यांत त्याच्या प्रती वाढवा आणि शेवटी हाती काय, तर आलेखावरचे उंचवटे. त्यांच्याशी ताडून पाहायला संशयिताचा नमुना लागतो. देशभरातल्या गुन्हेगारांची डीएनए बँक उभारणारं विधेयक 2023 मध्ये लोकसभेतून मागे घेतलं गेलं, त्यामुळे तुमचा संगणक फोटो नेमका कुठून आणतो ते तोच जाणे.

आता तर कायदाच तुम्हाला बोलावतोय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जावं अशी तरतूद आहे. राज्यांना तयारीला पाच वर्षांची सवड दिली आहे. म्हणजे कोट शिवायला वेळ आहे.

कोर्टाचं टेन्शन घेऊ नका. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल बहुतेकदा कागदावरच वाचला जातो. चुकून समन्स आलंच, तर गुन्ह्याला काही वर्षं उलटलेली असतील आणि आरोपीचा वकील डीएनएबद्दल चकार शब्द काढणार नाही. तो विचारेल: पाकीट तुमच्याकडे आलं तेव्हा सील शाबूत होतं का? नमुन्याशी जुळवलंत का? शर्ट पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होता आणि मुद्देमाल कारकुनाने त्याची नोंद केली होती का? अशा वेळी हवेत पंजा फिरवत, डोळे बारीक करून विचारात पडा. स्टेनो 'साक्षीदार निरुत्तर' असं टाइप करून मोकळा होईल.