औषध दिल्यानंतरची जबाबदारी

परिचर्या शिक्षणात औषधशास्त्र शिकवताना दुष्परिणामांच्या याद्या पाठ करून घेण्यावर जो भर दिला जातो, तो मला रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचा वाटतो. मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी हे चार शब्द जवळजवळ कोणत्याही औषधापुढे लिहिता येतात आणि त्यावर गुणही मिळतात. मात्र अमुक औषध दिल्यावर काय पाहायचे, केव्हा पाहायचे आणि कोणत्या टप्प्यावर पुढचा डोस थांबवायचा, हे त्या यादीतून कळत नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम अत्यावश्यक आहेतच. पण ते औषध देण्याच्या क्षणापाशी संपतात, आणि दुष्परिणाम सुरू होतात ते त्यानंतर.

हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनचेच पाहा. या औषधाची उपचारासाठी लागणारी मात्रा आणि विषबाधा करणारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते. म्हणून गोळी देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण 60 सेकंद मोजायचे असतात. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय येथे घातक ठरू शकते, कारण ज्यांना हे औषध दिले जाते त्यांच्यापैकी अनेकांचे ठोके मुळातच अनियमित असतात. प्रौढ रुग्णाचे ठोके 60 पेक्षा कमी भरले, तर सर्वसाधारणपणे गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते. त्यातच लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड चालू असेल तर शरीरातील पोटॅशियम घटून विषबाधेचा धोका वाढतो. अशा वेळी ‘दोन दिवस जेवण जात नाही’ किंवा ‘सगळे पिवळसर दिसते’ ही रुग्णाची तक्रार वयावर ढकलून चालत नाही. तिची नोंद केस पेपरवर झालीच पाहिजे.

मॉर्फीन या तीव्र वेदनाशामकाच्या बाबतीत तर नजरेचे महत्त्व आणखी वाढते. श्वास धोकादायकरीत्या मंदावण्यापूर्वी बहुधा गुंगी वाढलेली असते. रुग्ण बोलता बोलता डोळे मिटू लागला, तर ‘आता दुखणे थांबले, शांत झोप लागली’ असा समज करून घेणे हीच मोठी चूक ठरते. ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास मंदावत असतानाही ऑक्सिमीटरवरचा आकडा काही काळ चांगला दिसू शकतो. म्हणून छातीची हालचाल पाहून श्वास मोजण्याला पर्याय नाही. नॅलोक्सोन हा मॉर्फीनवरचा उतारा दिल्यावर रुग्ण जागा होतो, परंतु त्याचा परिणाम मॉर्फीनच्या आधी ओसरू शकतो आणि गुंगी परत येऊ शकते. म्हणूनच रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरचे तास अधिक सावधपणे काढावे लागतात.

जेंटामायसिन हे प्रतिजैविक चालू असताना कानात आवाज येतो का, हे विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. या औषधाने गेलेली श्रवणशक्ती मात्र बहुधा परत येत नाही.

हे सारे एकट्या नर्सच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचे आहे. वॉर्ड भरलेला आणि ड्यूटीवर माणसे अपुरी असतील, तर डोसनंतरची तपासणी सर्वांत आधी मागे पडते. रात्री अडीच वाजता केलेल्या फोनला ‘एवढ्यासाठी उठवले?’ असे उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी तो फोन उशिरा होतो किंवा होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले, तेव्हा कामाच्या पद्धती सुधारण्यावरही भर दिला होता. संहत (पातळ न केलेले, थेट शिरेत गेल्यास प्राणघातक ठरणारे) पोटॅशियम क्लोराइड वॉर्डच्या कपाटात न ठेवणे हा त्याच विचारातला उपाय आहे, कारण थकलेल्या हाताला चूक करण्याची संधीच तेथे उरत नाही.

माझी मागणी दोन ठिकाणी बदलाची आहे. परीक्षेत ‘दुष्परिणाम लिहा’ या प्रश्नाऐवजी रुग्णाची स्थिती देऊन ‘पुढचा डोस द्याल का, आणि का?’ असे विचारले जावे. आणि ड्यूटी बदलताना दिलेल्या औषधाच्या नावाबरोबर त्याची वेळ, त्यानंतर काय आढळले आणि पुन्हा केव्हा पाहायचे आहे, हे रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून सांगितले जावे.