‘टीकप’ असं काही नसतं

‘टीकप’ म्हणजे कपात मावेल इतकं छोटं म्हणून विकलं जाणारं पाळीव डुक्कर. त्याच्याबद्दलच्या तुमच्या लेखात ‘हे डुक्कर मांजराएवढंच राहतं’ असं म्हटलंय, ते तेवढं दुरुस्त करा. या नावाखाली विकतात ते पॉटबेलीड (लोंबत्या पोटाचं) डुक्कर लहान म्हणायचं ते शेतावरच्या तीनशे किलोच्या डुकराच्या तुलनेत. पूर्ण वाढायला त्याला तीन ते पाच वर्षं लागतात आणि वजन ५०-७० किलोंवर सहज जातं. विकणारे ‘हे बघा आईवडील’ म्हणून दाखवतात, पण डुकरं काही महिन्यांचीच असताना प्रजननक्षम होतात. म्हणजे ते आईवडील स्वतःच अजून वाढत असतात! पिल्लू छोटं राहावं म्हणून उपाशी ठेवायचा सल्ला तर निव्वळ क्रूरपणा.

बाकी प्राणी लाखात एक. नाव आठवड्यात शिकतो, फ्रिज उघडायला त्याहून लवकर. (आमच्याकडे दाराला लहान मुलांसाठीचं कुलूप लावावं लागलं.) नाकाने उकरणं ही त्याची खोड नाही, गरज आहे. मातीचा कोपरा दिला नाहीत तर गालिचा उकरेल. त्याला घामाने अंग थंड करता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात चिखल किंवा उथळ पाण्याचा टब हवाच. पिण्याचं पाणी कधीच संपू देऊ नका. पाणी न मिळाल्यास मिठाची विषबाधा होऊन जीव जाऊ शकतो.

मादी असेल तर नसबंदी लवकर करून घ्या. नाहीतर दर २१ दिवसांनी माजावर येऊन घर डोक्यावर घेते, शिवाय वय वाढल्यावर गर्भाशयात गाठी होऊ शकतात. आणि आणण्याआधी डुकरांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवा. आम्ही ते उलट्या क्रमाने केलं.