चिपचं मशीन घेतलं म्हणजे काम संपलं?

छोट्या दुकानदारांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय: कार्डावरची चिप वाचणारं पेमेंट मशीन घ्या, खर्च एकदाच, पुढे कार्डाचा कुठलाही फ्रॉड झाला तरी पैसे बँक भरेल, आणि चिपमुळे कार्डाची माहिती चोरीला जाऊच शकत नाही. हे वाचून निर्धास्त झालेला दुकानदार नेमका अडकतो.

"मशीनला चिपचा स्लॉट आहे ना, झालं." स्लॉटमागचं सॉफ्टवेअर चालू नसेल, तर मशीन फक्त कार्डामागची काळी चुंबकीय पट्टीच वाचतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर मशीनला जोडलेलं असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा: याच मॉडेलवर, माझ्याच बँकेसोबत चिपचं सर्टिफिकेशन झालंय का? उत्तर लेखी घ्या. मग स्वतःच्या कार्डाने छोटा व्यवहार करून स्लिप तपासा. चिप वाचली गेली असेल तर स्लिपवर सहसा 'एआयडी' (AID), म्हणजे चिपमधल्या पेमेंट ॲप्लिकेशनचा ओळख क्रमांक, छापून येतो.

"फ्रॉड झाला तर बँक भरेल." हे अर्धंच खरं आहे. नकली कार्ड चाललं आणि तुमच्याकडे चिप वाचायची सोय होती, तर नुकसान सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचं. पण फोनवरच्या किंवा ऑनलाइन ऑर्डरींना, मालाच्या तक्रारींना हे लागू नाही. हाताने नंबर टाकून केलेल्या व्यवहाराचा धोका बहुधा तुमच्याच माथी येतो.

खरी फट आहे ती "चिप चालत नाहीये, स्वाइप करा" या वाक्यात. पट्टीवर तीन आकडी सर्व्हिस कोड असतो. त्याचा पहिला आकडा 2 किंवा 6 असेल तर कार्डाला चिप आहे हे मशीनला कळतं आणि ते कार्ड स्लॉटमध्ये घालायला सांगतं. चिप वारंवार वाचता आली नाही, तरच ते स्वाइपला परवानगी देतं. म्हणून ठग चिप मुद्दाम खराब करून आणतात. काउंटरवरच्या माणसाला एवढं शिकवा: चिप कोरड्या कापडाने पुसा, पुन्हा घाला, तरी नाही झालं तर दुसरं कार्ड किंवा रोख मागा. सगळ्यांचीच कार्डं अडत असतील तर दोष मशीनचा: क्लीनिंग कार्ड फिरवा, नाहीतर बँकेला कळवा.

"माहिती चोरीला जाऊच शकत नाही." चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक कोड तयार करते, त्यामुळे चोरलेल्या माहितीवरून चालणारी नकली चिप बनवणं फार अवघड. पण कार्डाचा नंबर आणि मुदत मशीनकडे उघडीच जातात. मशीनमध्येच एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचं सांकेतिक रूपांतर, होत नसेल, तर बिलिंगच्या कॉम्प्युटरमधला मालवेअर (घुसवलेलं घातक सॉफ्टवेअर) ती उचलतो आणि ती ऑनलाइन खरेदीला वापरली जाऊ शकते. म्हणून पॉइंट-टू-पॉइंट एन्क्रिप्शन (कार्ड वाचल्यापासून पेमेंट कंपनीपर्यंत माहिती सांकेतिकच ठेवणारी सोय) मागा, पेमेंटचं नेटवर्क ग्राहकांच्या वायफायपासून वेगळं ठेवा आणि कार्डाचे नंबर वहीत उतरवू नका. पीसीआय डीएसएसचे, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे, नियम चिप आली तरी सुटत नाहीत.

"खर्च एकदाच." भाडं, सिम, अपडेट हे चालूच राहतं. मशीन उघडलं तर आतल्या एन्क्रिप्शनच्या डिजिटल किल्ल्या (कीज) आपोआप पुसल्या जातात आणि ते बंद पडतं. दुरुस्ती बाहेर करून घेऊ नका. सिरियल नंबर लिहून ठेवा, रोज सकाळी ताडून पाहा. मशीन बदलायला कुणी आलं, तर करारावरच्या नंबरावर बँकेला फोन लावून खात्री झाल्यावरच ते हातात द्या.