घर उभे राहिले एवढ्याने भागत नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि तेव्हापासून मराठवाड्याच्या मनात दगडमातीचे घर म्हणजे मरण, सिमेंटचा स्लॅब म्हणजे अभय, हे समीकरण पक्के बसले. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे.

घात दगडाने नव्हे, बांधणीने केला. अडीच-तीन फूट रुंदीच्या भिंतीत आतल्या आणि बाहेरच्या दगडांच्या थरांमध्ये नुसती भर होती, सांधायला चिखल होता आणि दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे जोडदगड बहुतेक घरांत नव्हतेच. त्यामुळे जमीन हादरताच भिंती उभ्या फाटून कोसळल्या. वर माळवदावर, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेल्या सपाट छतावर, वर्षानुवर्षे गळती थांबवण्यासाठी टाकलेल्या मातीचे ओझे होते. काही घरांत तर लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला आणि माणसे भिंतींखाली सापडली. दर दोन फूट उंचीवर आणि आडवे चार-चार फुटांवर जोडदगड, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा आणि माळवदावरची जादा माती उतरवणे, एवढ्याने अशा घराचा धोका पुष्कळ कमी होतो. अर्थात, ज्यांनी स्वतःच्या हातांनी ढिगारे उपसले त्यांनी दगडाकडे पाठ फिरवली, याचा दोष त्यांना देता येत नाही.

पण माळवद जे काम करत होते ते स्लॅब करत नाही. जाड मातीतून दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र होई आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असे. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका झोपेच्या वेळी ती धग खोलीत सोडतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की म्हातारी माणसे अंगणात बाज टाकतात. कूलर लावावा, तर त्यात ओतायचे पाणी टँकरचे. (पत्र्याच्या घराबद्दल न बोललेलेच बरे.)

शिवाय स्लॅब आहे म्हणून घर मजबूत, हेही खरे नाही. आपल्याकडे बांधकाम उन्हाळ्यात निघते, कारण शेतीची कामे तेव्हा नसतात. आणि निदान सात ते दहा दिवस काँक्रीट ओले ठेवायला लागणारे पाणीही नेमके तेव्हाच नसते. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची, ती कित्येक मिस्त्री काटकोनात वाकवून सोडून देतात. मोठ्या हादऱ्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत नेला नाही, तर भूकंपाची वाटही पाहावी लागत नाही. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीनच भिंतीला तडे देते.

म्हणून घरकुलाचा हप्ता सोडताना अभियंत्याने जोते आणि स्लॅब यांचे फोटो काढून न थांबता काँक्रीट ओतण्याआधी रिंगा आणि पट्ट्याची सळई तपासावी, आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचा थर देण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा, अशी मागणी ग्रामसभेत व्हायला हवी.