पऱ्हाटीची वीज अन् कोळशाची वीज सारखी कशी?

चार दिवसांपासून गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, "बायोमासची वीज म्हणजे फसवणूक, धूर कोळशाएवढाच, झाडं तोडणार, ढोरांचा चारा पळवणार." शिकलेले पोरंही फॉरवर्ड करून राहिले, म्हणून लिहितो. बायोमास म्हणजे शेतातला काडीकचरा, आपल्याकडं मुख्य पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली कपाशीची काडी.

धूर. चिमणीतून कार्बन निघतोच, पण पऱ्हाटीनं तो पेरणीपासून ह्याच हंगामात हवेतून घेतलेला असते, धुऱ्यावर (बांधावर) पेटवली काय का सडली काय तो बहुतेक हवेतच परत जाणार. वणी-चंद्रपूरचा कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला, तो जाळला की हवेत नवीन भर पडते. अन् आपल्या कोळशात राख 30-40 टक्के, पऱ्हाटीत सहसा 10 च्या आत.

झाडांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. उभं झाड तोडून बॉयलरमधे टाकलं तर तेवढं झाड परत व्हायला कितीक वर्षं जातात, तसं कोणी करत असेल तर मीही विरोधच करीन.

चारा? सोयाबीनचं, तुरीचं कुटार ढोरांचंच, त्याले हात नको. पण उलंगवाडीनंतर (कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर) शेळ्यांनी पानं-बोंडं खाल्ली की उरलेली काडी कोणतं ढोर खाते सांगा. चुलीपुरती ठेवा, आमची माय अजून त्याच्यावरच पाणी तापवते.

अन् मेसेजमधे बोंडअळीचं नावच नाही! 2017 मधे गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं किती नुकसान केलं ते विसरलो का आपण? पऱ्हाटी वावरात उभी किंवा धुऱ्यावर ढीग लावून पडली की किडक्या बोंडांत अळी झोपून राहते अन् पुढच्या कपाशीवर येते. पऱ्हाटी वेळेवर वावराबाहेर गेली, भुगा झाली, तर तोच फायदा पहिला, वीज नंतर.

खरी अडचण वेगळीच आहे. एका युनिटला साधारण सव्वा किलो काडी धरा, म्हणजे 1 मेगावॅटचा प्लांट दिवसभर चालला तर 30 टन. पऱ्हाटी फुगीर, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, लांब न्यायची तर डिझेलच खाऊन टाकते, अन् माल निघतो दोन-तीन महिनेच. म्हणून भुगा, ब्रिकेट (भुगा दाबून केलेले ठोकळे) गावाजवळच व्हायला पाहिजे. केंद्रानं 2021 मधेच कोळशाच्या वीजकेंद्रांना 5 ते 7 टक्के बायोमास पेलेट (दाबून केलेल्या लहान गोळ्या) मिसळायला सांगितलं, म्हणजे गिऱ्हाईक आहे. ग्रुपवर विचारायचंच असेल तर हे विचारा, उपटायची मजुरी कोण देणार, क्विंटलला भाव किती, अन् काटा कोणाचा?